डब्यातला दुर्मीळ रुपया किती रुपयांचा?

वाचकाचे पत्र

मी एस.टी.त ३१ वर्षे वाहक म्हणून नोकरी केली आणि २०१६ साली निवृत्त झालो. रोजचा भरणा करताना एखादे नाणे वेगळे दिसले, की त्याच्या जागी खिशातले नाणे भरून ते मी घरी आणत असे. असा बिस्किटांचा एक डबा साठला आहे. त्यात वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची मिळून नऊ नाणी, सालाखाली इंग्रजी एच अक्षर असलेला १९८५ चा रुपया, लोकमान्य टिळकांची पाच रुपयांची दोन नाणी (एक जड, एक हलके), छाप एका बाजूला सरकलेला स्टीलचा एक रुपया, उलटवल्यावर सिंह आडवे दिसणारे दोन रुपयांचे नाणे आणि आकडे दुहेरी दिसणारे पाच रुपयांचे नाणे आहे. मोबाईलवर एक चित्रफीत पाहून मी दिलेल्या क्रमांकावर फोटो पाठवले. वैष्णोदेवीच्या एका नाण्याचे सात लाख देतो, असे समोरच्याने सांगितले. नोंदणी शुल्क म्हणून मी २,१५० रुपये भरले. आता जीएसटीपोटी ३८,००० मागत आहेत. सूनबाई म्हणतात, नाणी चिंचेने घासून लख्ख करा आणि पुन्हा फोटो पाठवा. काय करावे?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी पैशांचे सांगतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. यापुढे त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. जुन्या नोटा आणि नाणी विकून देण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागणाऱ्या ठगांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेला आहे. आपण अशा व्यवहारात नसतो आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे बँकेने त्यात स्पष्ट केले आहे. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा आणि संभाषण, पावत्या, खाते क्रमांक यांतले काहीही पुसून टाकू नका. यात लाज वाटण्याचे कारण नाही. नाण्यांची जाण असलेली माणसेही या जाळ्यात अडकतात, कारण नाणे खरोखरच दुर्मीळ असू शकते हे त्यांना ठाऊक असते आणि ठग नेमका त्याच माहितीचा उपयोग करतो.

दुसरे, चिंच डब्यापासून दूर ठेवा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर किंवा टूथपेस्ट यांतले काहीही नाण्याला लावू नका. छाप बसताना धातू दाबाखाली पसरतो आणि त्यामुळे पृष्ठभागावर जी बारीक, फिरणारी चमक येते, ती एकदा घासली गेली की परत आणता येत नाही. घासून लख्ख केलेल्या नाण्याला संग्राहक ‘धुतलेले’ म्हणतात, आणि त्याला मळक्या पण अस्पर्श नाण्यापेक्षा कमी किंमत येते.

आता डब्याकडे वळू. तुमचे पत्र वाचताना मला जाणवले, की ‘वेगळे’ या एका शब्दाखाली तुम्ही चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत. काही फरक टांकसाळीने ठरवून केलेले असतात, काही एखाद्या ठशात, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्यात, शिरलेले असतात, काही अपघात एकट्या नाण्याला झालेले असतात, आणि काही इजा नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर कुणीतरी केलेली असते. किमतीचा विचार या चार ढिगांपासून सुरू होतो. चौथ्या ढिगातल्या नाण्याला दर्शनी किमतीपलीकडे काहीही मिळत नाही, मग ते कितीही विचित्र दिसो.

वैष्णोदेवीची नाणी यांपैकी कोणत्याच ढिगात बसत नाहीत. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाला २५ वर्षे झाल्यानिमित्त २०१२ च्या सालाची पाच आणि दहा रुपयांची ही नाणी सर्वसाधारण चलनासाठीच काढली होती. म्हणून तर ती तुमच्या चामडी पिशवीत येऊन पडली. दहाचे नाणे दहा रुपयांचे आहे. ते देव्हाऱ्यात ठेवावेसे वाटले तर अवश्य ठेवा.

एच अक्षराचा रुपया मात्र पहिल्या ढिगातला, आणि माझ्या मते डब्यातला सर्वांत बोलका. आपल्या चार टांकसाळींच्या खुणा सालाखाली असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच : मुंबईचा चौकट किंवा हिऱ्यासारखा आकार, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची खूण म्हणजे कोणतीच खूण नसणे. नवे संग्राहक इथे हमखास फसतात. झिजून दिसेनासा झालेला नोएडाचा ठिपका पाहून ते नाणे कोलकात्याचे ठरवतात, म्हणून खूण नसलेले नाणे भिंगाखाली आणि तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय कोलकात्याच्या रकान्यात लिहू नये. १९८० च्या दशकात सुट्या पैशांची टंचाई एवढी वाढली, की सरकारने काही नाणी परदेशांतून पाडून आणली. त्या काळी तुम्ही नुकतेच कामाला लागला असाल आणि ‘सुटे द्या हो’ हे वाक्य दिवसातून शंभर वेळा म्हणत असाल. १९८५ च्या रुपयावरील एच ही इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण होय. पुढे २००० च्या आसपास पुन्हा असाच प्रसंग आला, तेव्हा मॉस्कोत पाडलेली पाच रुपयांची आणि स्लोव्हाकियातील क्रेम्निका येथे पाडलेली एक रुपयाची नाणी आपल्याकडे आली. डबा पुन्हा चाळाल, तेव्हा रशियन लिपीतील तीन अक्षरे किंवा इंग्रजी एम आणि के ही जोडी सालाखाली दिसते का, ते पाहा.

असे असूनही हा रुपया तुम्हाला श्रीमंत करणार नाही, कारण टंचाई भागवण्यासाठी मागवलेली नाणी थोडीथोडकी येत नसतात. परदेशी खूण म्हणजे दुर्मीळ नाणे, हा समज चुकीचा आहे. हाताळलेल्या अवस्थेत त्याला दर्शनी किमतीच्या काही पट मिळाले तर पुष्कळ. टांकसाळीतून निघाले तसे, एकही ओरखडा नसलेले नाणे असेल तर भाव चांगला चढतो. तुमचे नाणे तिकिटाच्या पिशवीत इतर नाण्यांवर आपटत फिरलेले आहे, हे विसरून चालणार नाही. आधुनिक नाण्यांच्या बाबतीत अवस्थेला एवढे महत्त्व का, याचे कारण सरळ आहे. कोट्यवधी नाण्यांपैकी झिजलेली सर्वांकडे असतात, पण त्याच वर्षी कुणीतरी कागदात गुंडाळून ठेवलेली अगदी थोडी उरतात. साल, टांकसाळ आणि अवस्था या तिन्हींचा मेळ जमला तरच ‘दुर्मीळ’ हा शब्द वापरावा.

टिळकांच्या दोन नाण्यांचे वजन वेगळे लागले, हे तुमच्या तळहाताने अचूक ओळखले. लोकमान्यांच्या १५० व्या जयंतीनिमित्त निघालेले हे पाच रुपयांचे नाणे ज्या सुमारास आले, त्याच सुमारास आपल्याकडे पाच रुपयांचा धातू बदलत होता, आणि त्यामुळे ते तांबे-निकेलच्या मिश्रधातूतही आढळते व स्टीलमध्येही. जुन्या मिश्रधातूचे पाच रुपये ९ ग्रॅमचे आणि स्टीलचे सुमारे ६ ग्रॅमचे असतात. घरातला साधा लोहचुंबक लावून पाहा : स्टीलचे नाणे चिकटेल, तांबे-निकेलचे चिकटणार नाही. ही कसोटी १९५० आणि ६० च्या दशकांतील शुद्ध निकेलच्या रुपयाला मात्र लावू नका, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. धातूचा असा पालट पूर्वीही झाला होता. १९६२ चा एक नया पैसा कांशाचाही आहे आणि निकेल-पितळेचाही. ही दोन्ही टिळक नाणी जोडीने ठेवा, सुटी विकू नका. महाराष्ट्रातील संग्राहकांना हा विषय जवळचा असल्यामुळे अशा जोडीला विचारणारा माणूस आपल्याकडे लवकर भेटतो.

दुहेरी आकड्यांच्या पाच रुपयांबद्दल तुम्ही फारसे लिहिलेले नाही, पण खरी मेख तिथेच आहे. आकडा दुहेरी दिसण्याची दोन कारणे असतात. ठसा तयार करताना त्यावर मूळ आकृती एकापेक्षा अधिक वेळा दाबली जाते आणि त्या दाबण्यांत किंचित फरक पडला, तर दुहेरीपणा ठशातच कोरला जातो. मग त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो अगदी तसाच उमटतो. हा ‘दुहेरी ठसा’ होय. हाच फरक यादीत नोंदवला जातो, कारण दुसऱ्या गावच्या दुसऱ्या माणसाला तसेच नाणे सापडू शकते आणि दोघांना आपापली नाणी ताडून पाहता येतात. दुसरे कारण अगदीच किरकोळ आहे. यंत्रात ठसा सैल असला, तर छाप मारून मागे सरताना तो नाण्याला घसटतो आणि अक्षराची कड चपटी होऊन पायरीसारखी दिसते. भिंगातून पाहताना दोन्ही आकडे पुरेसे गोलसर आणि उंच असतील व त्यांच्या टोकांशी स्पष्ट खाच दिसत असेल, तर पुढे चौकशी करण्यात अर्थ आहे. दुसरा आकडा सपाट, चकचकीत, पायरीसारखा असेल, तर तो घसटल्याचा परिणाम आहे आणि त्याला जाणकार जास्तीचा रुपयाही देणार नाहीत. ‘डबल डाय’ म्हणून बाजारात मोठ्या किमतीला खपवली जाणारी बहुतेक नाणी या दुसऱ्या जातीची असतात. ‘भारत’मधील एखादे अक्षर गायब असलेल्या नाण्यांचेही तसेच : ठशाच्या खोलगटात वंगण आणि धूळ साचली की अक्षर उमटत नाही, आणि ही रोजची गोष्ट आहे.

सरकलेला रुपया हा तिसऱ्या ढिगातला, म्हणजे एकट्या नाण्याचा अपघात. धातूची कोरी चकती दोन ठशांच्या मधोमध बसली नाही की छाप एका बाजूला जाते आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर राहते. केसभर सरकलेल्या छापेला फारसे कुणी विचारत नाही. अर्ध्याच्या आसपास सरकलेली, पण साल आणि टांकसाळीची खूण पूर्ण दिसणारी छाप असेल, तर संग्राहक खरोखर पुढे येतात. हा रुपया सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. १९९२ साली सुरू झालेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा आहे (२०११ पासूनचे रुपये त्याहून हलके आहेत) आणि निव्वळ छाप सरकलेल्या नाण्याचे वजन पूर्ण भरले पाहिजे. कोरी चंद्रकोर नसून तेवढा भाग कापल्यासारखा असेल, तर तो चकतीचाच दोष ठरतो आणि वजन कमी भरेल. अशा वेळी कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड पाहावी. टांकसाळीत कापलेल्या चकतीची समोरची कड नीट उठलेली नसते, आणि घरी कानशीने घासलेल्या नाण्याची ती व्यवस्थित असते. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला भाग काढून उलटा बसवलेली नाणी तर आता जत्रेतही मिळतात. मी स्वतः पूर्वी एका प्रदर्शनात दोन्ही बाजूंना सिंह असलेला रुपया चांगले पैसे मोजून घेतला होता आणि पुढे वर्षभर तो अभिमानाने मिरवला. मग एका वयस्कर संग्राहकाने तो टेबलावर टाकून फक्त आवाज ऐकला आणि हसून माझ्या हातात परत दिला. दोन नाणी निम्मी घासून एकमेकांना चिकटवलेली होती आणि कडेच्या आतल्या बाजूने सांधा गेलेला होता. तो रुपया मी अजून टेबलावरच ठेवतो.

सिंह आडवे दिसणाऱ्या दोन रुपयांच्या नाण्यापाशी तुमच्या प्रश्नाचे मूळ उत्तर आहे. आपले नाणे डावीकडून उजवीकडे उलटवले, की दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. ठसा आपल्या खोबणीत फिरला की एक बाजू तिरकी होते. असा सैल ठसा छापेगणिक थोडा थोडा फिरतही जातो, त्यामुळे बरोबर तुमच्याइतक्याच अंशांत फिरलेले दुसरे नाणे कदाचित जगात कुणाकडेही नसेल. त्या अर्थाने ते एकमेव ठरते, आणि तरीही त्याला मिळणारी किंमत बेताचीच आहे, कारण ‘मला नेमके हेच हवे’ असे म्हणणारा माणूस नाही. एखादी वस्तू कमी असणे आणि ती हवी असणारी माणसे जास्त असणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि भाव दुसरीवर अधिक अवलंबून असतो.

याच्या उलट उदाहरण १९११ च्या रुपयाचे. पंचम जॉर्ज गादीवर आल्यानंतरच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत एक छोटा हत्ती होता. त्याचे पाय आणि सोंड एवढी आखूड उमटली, की लोकांना ते डुक्कर वाटले आणि ओरड झाली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती. त्यांपैकी सुमारे ७ लाख बाहेर गेली होती, आणि उरलेली वितळवून १९१२ पासून हत्ती सुधारण्यात आला. (सात लाख हा आकडा तुमच्या ठगाने इथूनच घेतला असावा, अशी मला शंका आहे.) लाखांनी बाहेर गेलेले नाणे काटेकोर अर्थाने दुर्मीळ म्हणता येत नाही. प्रयत्न केला तर तो ‘डुकराचा रुपया’ आजही मिळतो. पण त्याची गोष्ट प्रत्येक संग्राहकाला ठाऊक असल्यामुळे तो प्रत्येकाला हवा असतो, आणि म्हणून १९१२ च्या रुपयापेक्षा तो महाग आहे. तुमच्या नात्यात कुणाकडे तो असेल तर एवढे सांगून ठेवा, की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि ते परदेशी राहणाऱ्या मुलाच्या बॅगेत घालून पाठवता येत नाही.

ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याचे नवे चित्र आले, तेव्हा साल एका बाजूवरून दुसरीवर गेले. एका टप्प्यात जुनी राणीची बाजू आणि नवी ढालीची बाजू एकत्र जोडली गेली आणि कोणत्याच बाजूला साल नसलेली नाणी बाहेर पडली. ती ५० हजार ते अडीच लाख असावीत, असा अंदाज आहे. बातमी फुटताच लोकांनी ती भराभर उचलून ठेवली. एवढी नाणी जपली गेल्यामुळे पुढे भाव फार चढू शकला नाही. लेस्टर-लंडनकडे असलेल्या आपल्या मंडळींच्या खिशातही ती निघाली असतील. गवगवा झालेले आधुनिक नाणे लोक लगेच साठवतात, आणि साठवलेले नाणे भविष्यात कमी पडत नाही.

आता विक्रीबद्दल. तूर्त काही विकू नका. आधी टिळकांची जोडी, सरकलेला रुपया आणि दुहेरी आकड्यांचे पाच रुपये एवढी चारच नाणी जाणकाराला दाखवण्याजोगी आहेत. ती घेऊन मुंबई-पुण्याला भरणाऱ्या नाणी प्रदर्शनात जा आणि किमान तीन वेगवेगळ्या टेबलांवर दाखवा, पण पहिल्या टेबलावर काय सांगितले ते दुसऱ्यावर बोलू नका. रीतसर लिलाव करणारा व्यवसाय सहसा विक्री झाल्यावर मिळालेल्या रकमेतून आपली दलाली कापतो, फोनवरून आगाऊ कर मागत नाही. नाणे तपासून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत देणाऱ्या परदेशी प्रमाणीकरण संस्थांकडे पाठवण्याचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. तुमच्या नाण्यांच्या बाबतीत त्या शुल्काचे पैसे नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतील, म्हणून तो विचार सोडून द्या. संकेतस्थळांवर दिसणारे लाखांचे आकडे हे मागणाऱ्याचे आकडे असतात. कोणते नाणे प्रत्यक्षात कितीला गेले, ते लिलावांच्या निकालांत पाहावे.

बिस्किटांचा डबा बदला. नाणी एकमेकांवर घासणार नाहीत अशा मध्ये पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटींत प्रत्येक नाणे वेगळे ठेवा. रबरबँड लावू नका, कारण त्यातील गंधक धातूवर डाग पाडतो, आणि मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत, त्यांतून निघणारा तेलकट पदार्थ नाण्यावर हिरवट चिकट थर आणतो. पावसाळ्यात कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा. नाणे बोटांच्या टोकांनी फक्त कडेला धरा.

एक काम मात्र तुम्हीच करू शकता, आणि ते कुणा व्यापाऱ्याला जमणारे नाही. ठशांच्या फरकांची दुर्मीळता टांकसाळीच्या कोणत्याही आकड्यात लिहिलेली नसते. ती कळते मोजणीतून, म्हणजे त्याच सालाची शंभर नाणी पाहिल्यावर हवा तो फरक कितींत आढळला, यावरून. आगारातील जुने सहकारी, चहावाला, देवळातील दानपेटी मोजणारी मंडळी यांच्याकडे आजही सुटे पैसे ढिगाने येतात. एक वही घ्या आणि साल, टांकसाळीची खूण, धातू, वजन, ठशातील फरक आणि एकूण किती पाहिली असे रकाने पाडा. न सापडलेल्याचीही नोंद करा, कारण तीही माहितीच आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे, तसेच मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. वही घेऊन एकदा दोन्ही ठिकाणी जाऊन या.

आकडे दुहेरी दिसणाऱ्या पाच रुपयांच्या नाण्याचे साल आणि टांकसाळीची खूण तुम्ही लिहिलेली नाही. नाणे न पुसता, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढून पाठवा. ते पाहिल्यावर दुहेरीपणा ठशातला आहे की यंत्राच्या घसटीचा, एवढे मी तुम्हाला कळवीन.